खाली एक माणूस जास्त

आमच्या नाटक कंपनीच्या मालकांना नाटकातलं काहीही कळत नव्हतं. हे मी त्यांच्या पाठीमागं बोलत नाही. तोंडावर बोलायची, आणि ते "व्हय की" म्हणून मान हलवायचे. वर मलाच ऐकवायचे, "सूनबाई, मला नाटकातलं कळत असतं तर ह्ये नाटक मी दुसऱ्याच रविवारी बंद केलं असतं." यावर काय बोलणार? नाटक खरोखरच तेवढं वाईट होतं.

नाव 'मामंजी, जरा सरका'. दोन खोल्यांचं घर, धाकट्या दिराचं लग्न, त्यासाठी आलेले झाडून सगळे पाव्हणे, आणि पाय ठेवायला जागा नाही. घराच्या मधोमध बाज, आणि बाजेवर मामंजी, म्हणजे सासरे. ते हलत नाहीत म्हणून घरातलं कुणीच हलू शकत नाही. सून मी, म्हणून मालक एरवीही मला 'सूनबाई'च म्हणायचे. दर पाच मिनिटांनी मी म्हणायचं, "मामंजी, जरा सरका," आणि मामंजी झालेल्या मालकांनी म्हणायचं, "सरकलो तर पडीन की!" एवढ्यावर लोक हसायचे. का हसायचे ते मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्याकडचा माणूस एकदा पैसे मोजून खुर्चीत बसला की वसूल केल्याशिवाय उठत नाही, बहुतेक म्हणून हसत असावेत.

मालक मूळचे शिरोली एमआयडीसीतले. एका फौंड्रीत भट्टीवर सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यावर शहाण्या माणसानं फंडाच्या पैशात फ्लॅट घेतला असता, म्हशी घेतल्या असत्या, गेला बाजार जावयाला गाडी घेऊन दिली असती. यांनी नाटक कंपनी काढली. आणि नाटकातलं काही कळत नसल्यामुळं भट्टीचे नियम नाटकाला लावले. "भट्टी इझू द्यायची न्हाय," म्हणायचे. "एकदा का थंड झाली, की परत तापवायला दुप्पट खर्च येतोय."

"मालक, भट्टीत लोखंड तरी वितळतंय. हितं काय वितळतंय?" मी विचारायचो. (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'आलो-गेलो'च करतो. लिहिताना तेवढं व्याकरण सांभाळते.)

"माझी बँकेतली ठेव," मालक शांतपणे सांगायचे.

तर दर रविवारी दुपारी चार वाजता तिसरी घंटा. पाऊस असो, ऊन असो, टीव्हीवर क्रिकेटची फायनल असो. यात कलेची निष्ठा वगैरे काही नव्हती, उगाच गैरसमज नको. शाहूपुरीत एका ट्रस्टचा जुना हॉल आहे, वरच्या मजल्यावर. तो मालकांना फार वर्षांपूर्वीच्या भाड्यात मिळाला होता, एका अटीवर. दर रविवारी प्रयोग झाला तर जुनं भाडं. एक रविवार जरी चुकला तर करार संपला, पुढं साखरपुडे-बारशांचं जे भाडं असेल ते. आणि साखरपुड्याचं भाडं आमच्या नाटकाला झेपणं शक्यच नव्हतं. म्हणजे एक रविवार गेला की नाटक गेलं. ट्रस्टचे शेठ कापडाचे व्यापारी, अत्यंत सज्जन. दर रविवारी पावणेचारला ते जिन्याखाली येऊन उभे राहायचे आणि प्रेमानं विचारायचे, "आज आहे ना हो प्रयोग?" त्या प्रेमात एवढी आशा असायची की मला त्यांची दया यायची.

मालकांच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त रविवारीच निघाला. दुसरा बाप असता तर तारीख बदलली असती, किंवा नाटक. मालकांनी व्याह्यांना समोर बसवून सांगितलं, "अक्षता बाराला, जेवणं दोनला, आन चारला सगळ्यांनी नाटकाला चलायचं." वऱ्हाड आलं की हॉलवर! प्रत्येकाच्या आहेराच्या पाकिटात एकेक तिकीट घातलेलं, आणि तेही मालकांनी खिडकीवर पैसे भरून घेतलेलं. मी म्हटलं, मालक, कंपनी तुमची, तिकीट तुमचं, खिडकी तुमची, स्वतःच स्वतःला पैसे कसले देताय? तर म्हणाले, "फुकट बसला की तो प्रेक्षक न्हाय सूनबाई, पावणा झाला. पावणा नाटक बघत न्हाय, चहा कधी येतोय ते बघतोय." मुलीची पाठवणी मध्यंतरात झाली. ती बिचारी शालू नेसून बापाच्या गळ्यात पडून रडत होती, बाप मिशा लावून मामंजीच्या वेशात, आणि वडे घ्यायला रांगेत उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, नाटक चालूच आहे.

मध्यंतर हा मालकांच्या मते खरा प्रयोग. तिकिटावर हॉलचं भाडं निघायचं, आमची 'नाईट' मात्र निघायची वड्यावर. नाईट म्हणजे नटाला एका प्रयोगाचे मिळणारे पैसे. आमचा प्रयोग भर दुपारी असूनही त्याला नाईटच म्हणायचं, रीत आहे. तर वडे खपतात म्हटल्यावर दोन अंकी नाटकाला मालकांनी दोन मध्यंतरं केली. पुढं तीन केली. चहा पडून राहतोय असं दिसल्यावर वड्यात मिरची वाढवली. एका रविवारी पहिल्या तीन रांगांतली माणसं दुसरा अंक डोळे पुसत बघत होती. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, "शेवट काळजाला लागतोय." मालक म्हणाले, "तर! सोपं न्हाय ते."

शिरोलीतल्या एका ओळखीच्या पंपवाल्यानं जाहिरातीचे पैसे दिले, तर बाजेखाली पाण्याची मोटर आली. नाव प्रेक्षकांकडं करून ठेवलेली. लग्नघरात बाजेखाली मोटर कशाला, असं पुण्याच्या एका पाव्हण्यानं विचारलं तेव्हा मालक त्याच्याकडं कीव आल्यासारखे बघत राहिले. "शेतकऱ्याचं घर हाय. विहिरीवर ठेवली तर चोरीला जाती की!" तो पाव्हणा इतका खजील झाला की त्यानं दोन वडे जास्त घेतले.

पण हे सगळं चांगल्या दिवसांतलं. पुढं लोकांच्या हातात मोबाईल आले, घरबसल्या फुकट हसायची सोय झाली, आणि आमच्या खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. दुसऱ्या कंपन्या अशा वेळी प्रयोग रद्द करतात. आम्हाला रद्द करायची सोय नव्हती, आणि मालकांचा स्वतःचा एक नियम होता, तो तर त्याहून अवघड. वर स्टेजवर जेवढी माणसं, त्यापेक्षा खाली एक तरी जास्त पाहिजे. "वर जास्त आन खाली कमी असली," मालक समजावून सांगायचे, "की बघणाऱ्याला वाटतंय, आता ह्ये सगळे उतरून आपल्याला मारत्यात." बरोबरीत असली तरी चालायचं नाही. मग ते नाटक नव्हे, भांडण.

आता खाली माणसं वाढत नाहीत म्हटल्यावर काय करायचं? मालकांनी वरची कमी करायला सुरुवात केली.

पहिल्यांदा ताशेवाले गेले. मग भटजी गेले, लग्न भटजींशिवाय व्हायला लागलं. मग आत्याबाई. मी स्टेजवर विचारायचं, "आत्याबाई कुठं दिसत नाहीत?" आणि मामंजींनी सांगायचं, "कोडोलीला गेल्यात." कोडोलीच का, तर मालकांचं आजोळ तिथलं, आणि दुसरं गाव त्यांना ऐनवेळी आठवलं नाही. त्यानंतर जो तो कोडोलीलाच. दीर कोडोलीला गेला, म्हणजे लग्नाच्या नाटकातला नवरदेवच गेला, आणि प्रेक्षकांपैकी एकालाही काही खटकलं नाही. माझा नवरा झालेले मास्तर शनिवारी नाईट वाढवून मागायला गेले, रविवारी ते कोडोलीत. आमच्या कंपनीत कुणाला कामावरून काढलं असं म्हणायची पद्धतच राहिली नाही. "त्यो कोडोलीला गेला," एवढं म्हटलं की लोक ओळखायचे आणि हळहळायचे.

एक मात्र सांगते. काढलेल्या माणसाची त्या दिवसाची नाईट मालकांनी कधी बुडवली नाही. तिसऱ्या घंटेच्या आत पैसे हातात. बोलणं मात्र असं, की माणसाला ते पैसे घेताना आपणच उसने मागितल्यासारखं वाटावं.

शेवटी उरलो आम्ही दोघं. सासरा आणि सून. एवढं मोठं रिकामं घर, मध्ये बाज, खाली मोटर, आणि मी जीव तोडून ओरडतेय, "मामंजी, जरा सरका!" अख्खी बैलगाडी वळेल एवढी जागा दोन्ही बाजूंना. मला ते म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण नेमका त्याच दिवसांत एका पेपरचा माणूस चुकून येऊन बसला आणि त्यानं लिहिलं, की आजच्या कुटुंबातलं भयाण एकटेपण या नाटकाइतकं धीटपणे कुणी मांडलेलं नाही. मी ते मालकांना वाचून दाखवलं. "व्हय व्हय, तसंच हाय ते," म्हणाले, आणि तिकीट वाढवलं.

पुराच्या साली शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरलं. आमचा हॉल वर, कोरडा, म्हणून आजूबाजूची काही कुटुंबं गाठोडी घेऊन तिथं राहायला आली होती. रविवार आला. मालक त्यांच्यासमोर हात जोडून उभे. "तुमचं चालू द्या, आमी आमचं दोन तास नाटक करतो." एक आजीबाई भडकल्या, "आमची घरं पाण्यात हायत, आन तुमी आमाला दावणार घरात जागा न्हाय म्हणून?"  मालकांनी वडे तळायला लावले आणि सगळ्यांना फुकट वाटले. याला ते पुढं कायम जाहिरातीचा खर्च म्हणायचे. तिकिटाचं काय केलं ते मला माहीत आहे, पण त्यांनी आयुष्यभर कबूल केलं नाही, तर मी तरी कशाला सांगू? आजीबाई नाटकभर हसल्या. शेठ गुडघाभर पाण्यातून धोतर वर धरून प्रयोग होतोय का बघायला आलेले. त्यांनाही वडा मिळाला.

आणि मग तो रविवार. खाली दोनच माणसं. एक जोडपं, शेवटच्या रांगेत. त्यांना नाटकाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त अंधार हवा होता. वर आम्ही दोघं, खाली ते दोघं. बरोबरी. म्हणजे भांडण. आम्ही पावणेचारपर्यंत वाट बघितली, चारला पाच कमी असेपर्यंत बघितली. जिन्यात पाऊल वाजलं म्हणून मी डोकावले, तर शेठ, आणि ते काही तिकीट काढणारे नव्हेत.

मी आरशासमोर बसले होते. नऊवारी नेसून, हिरवा चुडा भरून. घरी माझ्या स्वतःच्या दोन सुना आलेल्या, थोरलीला मूल झालेलं, आणि मी इथं नवी नवरी. मागं मालक येऊन उभे राहिले. मला आरशात त्यांचं तोंड दिसलं आणि कळलं. आता आपला नंबर. इतके जण गेले तेव्हा मी हसले होते, आता मला हसू येत नव्हतं.

"मालक," मी म्हटलं, "ह्या वयात मला दुसरं कोण सून करणार ओ?"

 ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि ओठावरची मिशी उपटायला लागले. ती डिंकानं चिकटवलेली, सहज निघायची नाही. उपटता उपटता म्हणाले, "मामंजी कोडोलीला."

"आणि मी 'सरका' म्हणू कुणाला?"

"बाजेला म्हणा. ती तरी कुठं सरकती?"

धोतर सोडून त्यांनी विजार घातली, माझी नाईट माझ्या हातात ठेवली आणि मागच्या दारानं खाली उतरले. पुढच्या बाजूनं जाऊन खिडकीवर तिकीट काढलं. पूर्ण दराचं. तिसऱ्या रांगेत येऊन बसले. खाली तीन, वर एक. तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला.

रिकाम्या बाजेपुढं मी उभी राहिले आणि म्हटलं, "मामंजी, जरा सरका."

"सरकलो तर पडीन की!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

मागचं जोडपं ताडकन वेगळं झालं. मला असा संताप आला! मला एकटीला वर सोडून खाली गेलात ना, मग गप बसा की. मी कमरेवर हात ठेवून स्टेजच्या टोकाला आले. "ओ पावणं! तिकीट काढून आलाय न्हवं? मग गप बघा की!"

"तिकीट काढलंय म्हणूनच बोलतोय," मालक बसल्या जागेवरून. "फुकटात आलो असतो तर गप बसलो असतो."

ते जोडपं हसलं. पोट धरून हसलं. मग दोन तास आमचं तेच चाललं. मी वरून, ते खालून. पुढच्या रविवारी ते जोडपं मित्रांना घेऊन आलं. कुणीतरी मोबाईलवर काढलं, इकडंतिकडं पाठवलं, आणि खिडकीवर लोक विचारायला लागले, "त्यो भांडणारा म्हातारा असतोय न्हवं?" खुर्च्या भरायला लागल्या. मालक दर रविवारी रांगेत उभे राहून तिकीट काढायचे. पंखा चालत नाही म्हणून नाटकात ओरडायचे, वडा गार होता म्हणून ओरडायचे, सून थकलेली दिसते, नवी आणा, असंही एकदा ओरडले. त्यानंतर मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

"मालक, आता पुरं. वर या," मी सांगून बघितलं. "कामच करताय तुम्ही."

"मी प्रेक्षक हाय. वर आलो की मला नाईट द्यावी लागंल."

एकदा मध्यंतरात, तिसऱ्या की दुसऱ्या आता आठवत नाही, आत आले. चेहरा पडलेला.  म्हणाले, "सूनबाई, नाटक लई वाईट हाय की ओ! खाली बसल्यावर कळालं. इतकी वर्षं कुणी बोललं कसं न्हाय?"

"मी दर आठवड्याला बोलतोयच की!"

"मला वाटायचं, नाईट वाढवून मागतासा."

मालक एका गुरुवारी दुपारी गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलगी आली, कोडोलीला गेलेले सगळे आले, मास्तरही आले आणि माझ्यापेक्षा जास्त रडले. शनिवारी शेठ भेटायला माझ्या घरी आले. फार चांगलं बोलले. असा माणूस होणे नाही म्हणाले, डोळे पुसले, चहा घेतला. उठताना दारात घुटमळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग उद्याचा हॉल... मोकळा धरू का?"

"चारला तिसरी घंटा हाय शेठजी," मी म्हटलं. "ह्या खेपेला तिकीट काढून या."

रविवारी हॉल बराच भरला होता. निम्म्या लोकांना मालक गेल्याचं माहीत होतं, निम्म्यांना नव्हतं. तिसऱ्या रांगेत दुसरंच कुणीतरी येऊन बसलं होतं. पडदा वर गेला. मी बाजेपाशी आले आणि म्हटलं, "मामंजी, जरा सरका."

आणि थांबले. थांबायचं नव्हतं, पण थांबले. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा चालू होता.  मालकांचा भयंकर राग आला मला. कुणी असं अर्ध्या वाक्यात माणसाला उभं करून जातं का? मी तशीच उभी, चुडा घालून, आणि लोक माझ्याकडं बघतायत.

मागून एक दणदणीत आवाज आला. "ओ बाई! म्होरं बोला की! इसरलासा व्हय?"

विसरले नव्हते. पण तो माणूस तिकीट काढून आला होता. मी पदरानं डोळे पुसले, पदर खोचला आणि पुढचं बोलले.